घरातले पाच सीडी प्लेअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डोंबिवलीच्या घरात टीव्हीशेजारी एकावर एक असे तीन सीडी प्लेअर रचलेले आहेत. चौथा माळ्यावर आहे. पाचवा गेला, कुठे गेला ते पुढे येईलच. घरी आलेला माणूस चहा येईपर्यंत त्या ढिगाकडे बघत बसतो आणि कप हातात पडला की विचारायला लागतो. प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

एका घराला पाच प्लेअर कशाला लागतात?

लागत नाहीत. चालू एकच असायचा. तो रुसला की दुसरा यायचा, आणि पहिला भंगारवाल्याला द्यायचा धीर व्हायचा नाही. नावं आधी सांगतो, कारण पुढे ती सारखी येणार आहेत. १९९२ साली आला तो मस्कतवाला. १९९६ चा जर्सीवाला, हा हातात धरायचा डिस्कमन. १९९९ चा हजार वॅट. २००३ चा बकासुर. आणि २००९ चा कुंभकर्ण. बारसं घरच्यांनीच केलं आहे. कंपन्यांची नावं सांगत नाही, कारण एकेकाची उणीदुणी काढायची आहेत.

पहिला कितीला घेतलात?

घेतला नाही, आला. जगातला पहिला सीडी प्लेअर जपानात दुकानात आला तो १ ऑक्टोबर १९८२ ला. सोनीचा सीडीपी-१०१, किंमत १,६८,००० येन. आमच्या घरापर्यंत यायला त्या यंत्राला दहा वर्षं लागली. दाजी मस्कतला नोकरीला होते. सुट्टीवर येताना त्यांनी तो चादरीत गुंडाळून आणला. त्यावर ड्यूटी भरली होती का, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्याच्या मागे स्क्रू ड्रायव्हरने फिरवायची एक खाच होती, ११० व्होल्ट की २२०. आखातात विकायच्या मालाला ती पुष्कळदा असे. तिचं मोल मला चार वर्षांनी कळलं.

आणल्या दिवशी तो वाजवायचा कशावर हा पेच पडला. घरात टू-इन-वन होता, पण त्याला बाहेरून आवाज आत घ्यायची सोयच नव्हती. गल्लीतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण काढलं, व्हॉल्यूमच्या कंट्रोलला टाके मारले आणि दोन वायरी बाहेर काढून दिल्या. यंत्र स्टिरिओ आणि स्पीकर एक. तरीही त्या रात्री शेजारची दोन कुटुंबं ऐकायला आली होती.

कॅसेट चांगली चालली होती की. ती सोडायचं कारण काय?

याचं उत्तर लांब आहे.

दाजींनी यंत्रासोबत एकच सीडी आणली होती, सिंथेसायझरची. ती आम्ही महिनाभर सोसली. मग पगाराच्या दिवशी मी फोर्टातल्या ऑफिसातून काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसला गेलो. तिथे घेण्याआधी ऐकून बघायची सोय होती. मी मारव्याची एक सीडी घेतली. तीच मैफल माझ्याकडे कॅसेटवर आधीपासून होती, आणि मुद्दाम म्हणूनच घेतली. कॅसेट तेव्हा तीस-पस्तीस रुपयांची, ही साडेतीनशेला पडली. घरी आकडा सांगितला नाही. (ऱ्हिदम हाऊस २०१६ साली बंद झालं. तेव्हा बायको म्हणाली, आता सांगा, केवढ्याला होती ती?)

कॅसेटवर तंबोरा आणि टेपची सरसर यांचं इतकं गूळपीठ असतं, की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते समजत नाही. सीडीवर तंबोऱ्याच्या चार तारा मला पहिल्यांदा सुट्या ऐकू आल्या. गवय्याने सा लावण्याआधी घेतलेला श्वास ऐकू आला. त्याच्या मागोमाग कुणीतरी स्टीलचा पेला खाली ठेवला, तो आवाजही आला. तीन वर्षं ती मैफल ऐकत होतो, पण पेला कधी ऐकला नव्हता.

दुसरी गोष्ट वेळेची. जुन्या ७८ च्या तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आत-बाहेर संपे, आणि तेवढ्यात आपल्या मोठमोठ्या गवयांनी अख्खे राग बसवून दाखवले. एलपीने एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटं दिली, साठच्या कॅसेटने तीस. तरी ख्याल विलंबितात नुकता रंगात आलेला असतो आणि खट्कन बाजू संपते. उठा, उलटवा, पुढचा धागा पकडा. सीडीवर ७४ मिनिटं सलग बसतात. ठेवणीतला राग विलंबितापासून द्रुतापर्यंत मध्ये न उठता ऐकायची सोय घरात पहिल्यांदा झाली ती हीच. गंमत म्हणजे सुरुवातीला घेतलेल्या माझ्या कितीतरी सीडी पंचेचाळीस मिनिटांतच संपतात. जुन्या एलपी जशाच्या तशा उतरवल्यावर दुसरं काय होणार? ताट मोठं आलं, वाढणी तीच राहिली.

सीडीच्या मागे ‘एएडी’ असं छापलंय. म्हणजे नकली का?

नाही हो. तीन अक्षरं तीन टप्पे सांगतात : ध्वनिमुद्रण कशावर झालं, संकलन कशावर झालं आणि शेवटची प्रत कशावर बनली. ए म्हणजे ॲनलॉग, डी म्हणजे डिजिटल. सीडीचं शेवटचं अक्षर नेहमी डीच असणार. डीडीडी पाहून हुरळू नका. माझ्याकडची सर्वांत सुंदर ध्वनिमुद्रणं एएडीच आहेत.

डिस्कमन लोकलमध्ये खरंच ऐकता यायचा?

आधी अडॅप्टरचं ऐका. मावसभाऊ न्यू जर्सीहून आला तेव्हा त्याने हा आणला. अडॅप्टर अमेरिकेतला, ११० व्होल्टचा. मस्कतवाल्याच्या अनुभवाने मला वाटलं, परदेशी वस्तूला आपली वीज चालतेच. चपट्या पायांचा प्लग आपल्या सॉकेटात बसेना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून जोडपिन आणली आणि खोचली. पिन बदलली म्हणजे वीज बदलत नाही, हे ज्ञान मला साधारण चार सेकंदांत झालं. फट् असा आवाज, जळका वास, आणि स्वयंपाकघरातून ‘अहो, काय केलंत?’ अडॅप्टरची दुसरी वायर प्लेअरमध्ये घालायची राहून गेली होती, म्हणून प्लेअर तेवढा वाचला. पुढची दोन वर्षं तो सेलवर चालला.

आता लोकल. प्लेअर सीडी दुप्पट वेगाने वाचतो आणि पुढचा मजकूर आतल्या स्मृतीत साठवत राहतो. धक्का बसून सीडी वाचणारा लेसरचा किरण भरकटला, तर तो जाग्यावर येईपर्यंत साठवलेलं वाजतं. माझ्याकडच्यात दहा सेकंदांचा साठा होता. कागदावर दहा सेकंद पुष्कळ वाटतात. सकाळच्या साडेआठच्या गाडीत, दोन्ही बाजूंनी माणसं दाबत असताना आणि बॅग पोटाशी धरलेली असताना, ते डोंबिवली ते कोपर एवढेही पुरत नसत. धक्के लागोपाठ आले की साठा भरायला उसंतच मिळत नाही. फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की इतका गडगडाट व्हायचा, की तान चालू आहे की बंद पडली हेही समजत नसे. पण रात्रीच्या रिकाम्या स्लो गाडीत, मुंब्र्याच्या डोंगराला वळसा घालताना, खिडकीशी बसून ऐकलेला बागेश्री मी अजून विसरलेलो नाही.

१९९८ च्या जूनमध्ये तो बॅगेसकट चोरीला गेला. ज्याने नेला त्याला अडॅप्टर मिळाला नाही, एवढंच समाधान.

माळ्यावरच्या डब्यावर ‘१००० वॅट’ लिहिलंय. एवढा आवाज सहन कसा व्हायचा?

तो पीएमपीओ नावाचा आकडा. तेव्हा सगळेच असे आकडे छापत, आणि तो मोजायची कुठलीही पक्की रीत नव्हती. मी विकत घेताना भुललो. घरी आणून उलटा केला तेव्हा मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरांत सापडलं की हे यंत्र भिंतीतून वीज घेतं ९० वॅट. नव्वद आत जाऊन हजार बाहेर येत असतील, तर एमएसईबीने तोच बसवायला हवा होता.

त्यात तीन सीडी फिरत्या तबकात बसायच्या. तबक फिरवायला एक मोटर, वर उचलायला दुसरी, आणि मध्ये प्लास्टिकची दातेरी चाकं. तिसऱ्या वर्षी एका चाकाचा दात तुटला आणि तबक मध्येच अडकलं. आत तीन सीडी, त्यांतली एक शेजाऱ्यांची. यंत्र अख्खं उघडून ती काढायला रविवारची दुपार गेली. चेंजर घेऊ नका. एका वेळी माणूस एकच सीडी ऐकतो.

बकासुर हे नाव का?

काहीही गिळायचा म्हणून. लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून आणलेला, पातळ पत्र्याचा, हातात घेतला तर रिकामा डबा वाटावा इतका हलका. गाण्याची सीडी, व्हीसीडी, एमपीथ्री, घरी लिहिलेली, ओरखडलेली, पोराने चाटलेली, काहीही दिलं तरी दोनदा घरघरून वाजवणारच.

व्हीसीडीचा तो काळ आठवत असेल. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, आणि एका तबकडीवर साधारण ७४ मिनिटं. त्यामुळे आपला तीन तासांचा सिनेमा दोन-तीन तबकड्यांत तुटायचा. मध्यंतर दिग्दर्शकाने ठरवलं तिथे न होता तबकडी संपली तिथे व्हायचं. मग मोसर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणल्या आणि भाड्याने सिनेमा आणायची गरजच संपत गेली.

एमपीथ्रीचा हिशेब असा : नेहमीच्या १२८ च्या दर्जाला मिनिटाला साधारण एक एमबी. म्हणजे ७०० एमबीच्या सीडीवर अकरा-बारा तासांचं गाणं. स्टेशनच्या पुलावर ‘दीडशे गाणी’ म्हणून विकायचे ते हेच. दीडशे गाणी एकाच सीडीवर मिळाल्यापासून घरात एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं गेलं नाही. कुणीतरी उठून पुढचं लावायचं. हा दोष बकासुराचा नव्हे. पण मारव्याच्या सीडीवर धूळ बसायला तेव्हापासून सुरुवात झाली.

सगळ्यात खालचा एवढा जड का? त्याचा आवाज इतरांपेक्षा चांगला असेल ना?

कुंभकर्ण. चोर बाजारातून घेतला. युरोपी बनावटीचा, आतला सांगाडा ओतीव धातूचा, लेन्स काचेची. इतरांत लेन्सची गाडी रुळावरून सरकते. यात ग्रामोफोनच्या सुईसारखा एक दांडा अर्धवर्तुळात फिरतो. दातेरी चाक नाही की घसरपट्टी नाही. बघत राहावं असं काम. उठायला मात्र वेळ लावतो. सीडी घातली की बारा-पंधरा सेकंद स्वस्थ.

आवाजाबद्दल मीही पुष्कळ गप्पा मारत असे. ‘मध्यसप्तकात कशी ऊब आहे बघा’ वगैरे. मग एकदा बायको वैतागून म्हणाली, डोळे मिटून सांगा बरं कुठला चालू आहे. मस्कतवाला आणि कुंभकर्ण दोन्हींत एकच ध्वनिमुद्रण घातलं (सीडी दोन होत्या, एक भाच्याकडून आणलेली), दोन्हींचा आवाज सारखा लावून घेतला आणि तिने दहा वेळा बदलून विचारलं. माझी पाच उत्तरं बरोबर आली. छापा-काटा केला असता तरी तेवढीच आली असती.

आवाज सारखा लावून घेणं यातलं मर्म आहे. थोडासा मोठा वाजणारा प्लेअर आपल्याला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. दुकानदारांना हे पक्कं ठाऊक असतं.

स्वस्त-महाग यांत फरक नसतोच असं नाही. बकासुराची खुसखुस हेडफोनवर स्पष्ट कळते. पण बऱ्यापैकी बनवलेल्या दोन प्लेअरांतला फरक हा दोन स्पीकरांतल्या फरकापुढे काहीच नाही. पैसे तिथे घाला.

मग कुठली कंपनी चांगली?

डब्यावरचं नाव वाचून फारसं कळत नाही. सीडी वाचणारी आतली लेन्सची जोडणी, म्हणजे पिकअप, बनवणाऱ्या कंपन्या मोजक्याच होत्या : फिलिप्स, सोनी, सॅन्यो आणि आणखी थोड्या. त्यांचेच तयार भाग घेऊन बाकीचे आपापला डबा घालायचे. सोनीचा केएसएस-२१३ किंवा सॅन्योचा एसएफ-पी१०१ एन उघडलेल्या कितीतरी यंत्रांत सापडतो. लॅमिंग्टन रोडवर म्हणूनच कंपनीचं नाव विचारत नाहीत, ‘पिकअपचा नंबर सांगा’ म्हणतात.

आणि पाच यंत्रं वापरून कळलेली गोष्ट अशी, की त्यांतलं एकही आवाज बिघडून बंद पडलं नाही. एक चोरीला गेलं. उरलेली चारही कधी ना कधी अडली ती रबर, ग्रीस नाहीतर प्लास्टिक यांपायी. महागाचा भाग शाबूत आणि वीस रुपयांच्या पट्ट्याने अख्खं यंत्र अडकवून ठेवलेलं. म्हणून प्लेअर घेताना मी त्याचे स्क्रू बघतो. साध्या पेचकसाने उघडतो ना? मग घ्या.

‘नो डिस्क’ असं दाखवतो. पिकअप गेला का?

लगेच नाही. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. गाण्यांची अनुक्रमणिका सगळ्यात आतल्या कड्यावर असते आणि प्लेअर आधी ती वाचतो. ती वाचता आली नाही, की तुमच्या हातातली सीडी त्याच्या लेखी नाहीच.

दहांतल्या निम्म्या वेळा लेन्सवर धूळ असते, नाहीतर उदबत्तीच्या धुराचा थर. देवघराशेजारी प्लेअर ठेवणाऱ्या घरांत तर हमखास. वायर काढा, झाकण उघडा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा जेमतेम ओलावा द्या आणि लेन्सवरून हलकेच फिरवा. मोबाइल दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात ‘आयपीए’ म्हणून मागितलं की मिळतं. लेन्स बारीक तारांवर तरंगत असते, दाबू नका. नखरंग पुसायचं ॲसिटोन अजिबात लावू नका, प्लास्टिकची लेन्स कायमची धुरकट होते. झाकण उघडं असताना यंत्र चालू करून आत डोकावू नका. किरण ७८० नॅनोमीटरचा असतो, डोळ्याला जवळपास दिसतच नाही, आणि न दिसणारं डोळ्यात गेलेलं समजत नाही.

पहिली गाणी नीट आणि शेवटची अडखळत असतील, तर लेन्सला दोष देऊ नका. तिची गाडी ज्या दांडीवरून सरकते तिथलं ग्रीस सुकून गोंद झालेलं असतं. जुनं पुसा, नवं थेंबभर लावा.

सीडी आत जाऊनही फिरतच नसेल, फिरून लगेच थांबत असेल किंवा तासभर वाजल्यावरच अडत असेल, तर माहीतगाराकडे न्या. मी तिथे हात घातला आणि एकदा पस्तावलो आहे.

ट्रे उघडत नाही हो.

पट्टा. ट्रेच्या पुढच्या अंगाला दोन चाकांमध्ये रबराचा बारीक पट्टा असतो. तो सैल पडला की मोटर फिरते आणि ट्रे जागचा हलत नाही. आत घूं घूं ऐकू आलं तर हेच.

तात्पुरता उपाय : पट्टा काढा, पाच मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, पुसून पुन्हा चढवा. आठ-पंधरा दिवस काम देतो. कायमचा उपाय म्हणजे नवा पट्टा. जुना सोबत न्या. दुकानदार तो बोटांवर ताणून बघतो आणि अंदाजाने किंचित लहान देतो. अंदाज सहसा चुकत नाही.

चरे गेलेल्या सीडीला टूथपेस्ट लावतात ते खरं का?

खरं आहे, पण आधी चरा कुठे आहे ते बघा. सीडी १.२ मिलिमीटर जाड असते आणि त्यात बहुतेक सगळं पारदर्शक प्लास्टिकच असतं. मजकूर असतो तो वरच्या, म्हणजे छापील बाजूला, ॲल्युमिनियमच्या पातळ थराखाली, आणि त्याच्यावर फक्त लाखेचा पापुद्रा. आपण चकचकीत बाजू जपतो आणि छापील बाजू टेबलावर घासतो. करायला हवं ते उलट. खालचा चरा प्लास्टिकवर असतो, तो घासून जातो. वरचा चरा पडला की मजकूरच गेला. मी एका सीडीवर बॉलपेनने तारीख लिहिली होती. त्या तारखेच्या खाली तिसरं गाणं होतं.

टूथपेस्ट पांढरी, साधी घ्यायची. जेलचा उपयोग नाही. मधून काठाकडे सरळ हात फिरवायचा, गोल नाही. सीडी पुसतानाही तसंच. कारण चुकलेला मजकूर जुळवून घ्यायची सोय सीडीतच आहे, पण ती सलग दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत. आडवा चरा प्रत्येक फेऱ्यात केसभरच जागा खातो, तो निभतो. फेऱ्याच्या बाजूने गोल गेलेला चरा सलग मजकूर खातो. तिथे यंत्र हात टेकतं.

पावसाळ्यात काय करता?

रोज अर्धा तास वाजवतो. आतल्या ऊबेने ओल धरत नाही. पावसातून आणलेला प्लेअर लगेच लावायचा नाही, लेन्सवर दव असतं. तासभर उघडा ठेवायचा. सीडीच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या. छापील कागद बुरशीने खराब होतात, ते वेगळे ठेवले आहेत. लोडशेडिंगच्या वर्षांत वीज परत येतानाचा झटका हा पावसापेक्षा मोठा वैरी होता. दिवे गेले की आधी प्लेअरची वायर काढायची, मग मेणबत्ती शोधायची, असा घरचा नियम होता.

सीडी किती वर्षं टिकतात?

दुकानातल्या छापील सीडी माझ्याकडच्या तीस वर्षांपुढच्या आहेत आणि वाजतात. घरी लिहिलेल्यांचा भरवसा नाही. छापील सीडीत खड्डे कायमचे कोरलेले असतात. घरी लिहिलेल्या सीडीत रंगाचा थर असतो आणि लेखन त्या रंगात होतं. ऊन लागलं की रंग उडतो, लेखन जातं. पुसून पुन्हा लिहायच्या सीडी तर मस्कतवाल्याने कधीच ओळखल्या नाहीत. त्यांवरून प्रकाश फार कमी परततो, आणि १९९२ च्या यंत्राने असलं काही पाहिलेलंच नव्हतं.

भाचीच्या लग्नात नणंदा-भावजयांनी घेतलेले उखाणे मी एका सीडीवर लिहून ठेवले होते. २००४ साली. आता ती बकासुरालाही वाचता येत नाही.

मग सगळं संगणकात उतरवून का घेत नाही?

घेतलं आहे. बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर आणि एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा फुकटचा प्रोग्राम. चुकलेली जागा तो पुन्हा पुन्हा वाचतो आणि जमलं नाही तर तसं सांगतो. फ्लॅक प्रकारात ठेवलं तर एका सीडीला तीनशे एमबीच्या आसपास जागा लागते आणि मूळ मजकुरातलं काही गळत नाही. घरी लिहिलेल्या सीडी असतील तर हे काम आजच्या आज करा. छापील सीडींना घाई नाही.

आता नवीन घ्यायचा झाला तर?

जुना घ्या, पण बघायला जाताना स्वतःची सीडी न्या, भरगच्च वेळेची. ट्रे पाच वेळा उघडझाप करा. शेवटचं गाणं लावा. मधूनच उडी मारून दुसऱ्या गाण्यावर जा. रिमोट मागा, काही यंत्रांची निम्मी कामं रिमोटवाचून होत नाहीत. जड, जुना प्लेअर घेतलात तर खाली वाहतुकीचे, म्हणजे नेताना आतला भाग हलू नये म्हणून आवळायचे स्क्रू आहेत का विचारा. मी कुंभकर्णाला ते न आवळता लोकलमधून आणला आणि महिनाभर दुरुस्तीच्या फेऱ्या घातल्या.

एवढं करायचं नसेल तर घरातला बंद पडून असलेला डीव्हीडी प्लेअर पुसून अँप्लिफायरला जोडा. तो सीडी उत्तम वाजवतो. हे ऐकून लोकांचा चेहरा पडतो, पण खरं तेच आहे.

खराब झालेल्या सीडींचं काय केलंत?

काही कबुतरांना घाबरवायला गॅलरीत टांगल्या. कबुतरं त्यांच्यावरच बसतात. बाकीच्या एका वर्षी गणपतीच्या मखराला लागल्या. मागे दिवे सोडले तर छान दिसतात. हजार वॅटमध्ये अडकलेली शेजाऱ्यांची सीडी चुकून त्यांतच गेली, आणि आरतीला आलेल्या शेजाऱ्यांनी ती ओळखली.

आणि मस्कतवाला? चालतो अजून?

चालतो. चौंतीस वर्षांत दोन पट्टे, एक पिकअप आणि एकदा मागची वायर, एवढंच बदललं. दाजी आता मस्कतहून परत येऊन साताऱ्याला असतात. आले की विचारतात, ‘आपला आहे का रे?’ मग मारवा लागतो. पेला ठेवल्याचा आवाज आला की ते मान हलवतात, कारण तो आवाज मी त्यांना एकदा दाखवून दिला आहे. सध्या दुसरा पट्टाही सैल झालाय, ट्रे अर्ध्यावर येऊन थांबतो. नवा पट्टा आणेपर्यंत चमच्याच्या दांड्याने ओढून घ्यावा लागतो. तो चमचा प्लेअरवरच ठेवलेला आहे, उचलून स्वयंपाकघरात नेऊ नये.